सगुणबाब आणि गोव्याची सुट्टी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमची पेडण्याची कचेरी खुशीत असायची आणि सगुण परब सुतक लागल्यासारखा बसायचा. दोन ऑक्टोबरला त्याचं तोंड एवढंसं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन करून घरी जाताना तो हमखास म्हणायचा, "गेली. हीय फुकट गेली."

मी आणि सगुणबाब एकाच महिन्यात नोकरीला लागलो आणि पुढे बावीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. एवढ्या वर्षांत त्याने कुणाचा पेन पळवला नाही, कुणाच्या चहात भागीदारी केली नाही, आणि मला आठवतं तेवढ्यात त्या टेबलावर बसून एकदाही खोटं बोलला नाही. हा शेवटचा गुण सरकारी कचेरीत फार अडचणीचा असतो.

त्याच्या टेबलाच्या काचेखाली देवाचा फोटो नव्हता. सरकारी सुट्ट्यांच्या तीन याद्या होत्या : गोव्याची, महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची. शेजारच्या राज्यांच्या याद्या मिळवायला त्याला काय काय करावं लागायचं ते त्यालाच ठाऊक. डिसेंबर संपता संपता तो बसच्या कंडक्टरांना गाठायचा, बेळगावहून येणाऱ्या भाजीवाल्यांना चिठ्ठ्या द्यायचा. नवी यादी आली की दुपारची पानसुपारी बाजूला ठेवून लाल पेन्सिल हातात घ्यायचा आणि काही तारखांभोवती गोल करायचा. वर्षातून पाच-सहाच गोल व्हायचे. ते कशाचे, हे विचारलं तर म्हणायचा, "ह्यो खऱ्यो सुट्ट्यो. बाकीच्यो सामाईक."

ह्या याद्यांमुळे त्याचं नाव दूरवर पोचलं होतं. दिचोलीचा एक ट्रकमालक गाडीच्या कागदांसाठी बेळगावला निघाला होता. आमच्या कचेरीत सहज डोकावला, तर सगुणबाबने त्याला दारातच अडवलं. एक नोव्हेंबर, कर्नाटकाचा राज्योत्सव, तिथे कुत्रंसुद्धा भेटणार नाही. ट्रकमालकाचा हेलपाटा वाचला, आणि त्याने सगुणबाबला काजूची पिशवी आणून दिली. सगुणबाबने ती परत केली. कर्नाटकाची यादी आपल्या काहीच उपयोगाची नाही, ती नुसती शोभेला ठेवली आहे, तेव्हा तिच्यावर काजू घेणं बरं नव्हे, असं त्याने त्याला सांगितलं. शोभेला कशाला, हे त्या माणसाला कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नाही.

डिसेंबर हा त्याचा श्रावण. तीन डिसेंबरला गोंयच्या सायबाचं फेस्त, म्हणजे जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती संताचा सण, एकोणीसला मुक्तिदिन, आणि मध्ये आठ तारखेला सायबिणीचं, म्हणजे ख्रिस्तमातेचं फेस्त, ज्याची तो दरवर्षी न चुकता ऐच्छिक सुट्टी घ्यायचा. आमची टायपिस्ट मारियाबाय हे बघून भारावून गेली. कचेरीतले ख्रिस्ती लोकही आठ तारखेला कामावर येतात, आणि हा हिंदू माणूस सायबिणीसाठी घरी राहतो. एका वर्षी तिने त्याला एक भली मोठी मेणबत्ती आणून दिली, जुन्या गोव्याला गेलास की माझ्याही नावाने लाव म्हणून. सगुणबाबने मेणबत्ती हातात घेतली आणि खरं ते सांगितलं, "बाय, मी जुन्या गोंयां वचना. सावंतवाडी वता." सावंतवाडीलाही इगर्ज, म्हणजे चर्च, आहे, हे मारियाबायला माहीत होतं. महाराष्ट्रात जाऊन फेस्त करणारा हा भक्त पाहून तिचे डोळेच भरून आले.

गोवा राज्य झालं तेव्हा कचेरीत पेढे वाटले. सगुणबाबने पेढा हातात धरून साहेबांना विचारलं, "म्हणजे आता ह्या दिवसाची दरवर्षी सुट्टी?" साहेब म्हणाले, आदेश येईल तेव्हा कळेल. मग आदेश आल्यावरच खातो, असं म्हणून त्याने पेढा खणात ठेवला. आठवड्याने त्या खणातून मुंग्यांची रांग निघाली, ती थेट साहेबांच्या टेबलापर्यंत गेली.

हे सगळं काय गौडबंगाल आहे ते मला एका एकोणीस डिसेंबरला कळलं. पुतणीसाठी लाकडी खेळणी आणायला मी सावंतवाडीच्या गाडीत चढलो, तर खिडकीशी सगुणबाब. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत गरम उंडे. उंडो म्हणजे आमच्याकडचा कडक पाठीचा गोल पाव. त्याचा वास गाडीभर पसरला होता. कुठे चाललास म्हटल्यावर त्याला खोटं बोलता येईना. हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका येईपर्यंत त्याने मला सगळं सांगून टाकलं.

त्याचा थोरला भाऊ दत्ताराम सावंतवाडीला महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत. आई त्याच्याकडे. तिचे गुडघे गेल्यामुळे तिला गाडीची पायरी चढवत नाही, म्हणून ती पेडण्याला येऊ शकत नाही. आणि दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. भाषेचा वाद गोव्यात पेटला होता त्या वर्षी चवथीला सावंतवाडीच्या घरी जेवताना दोघांचं भांडण झालं. दादा म्हणाला आपली भाषा मराठी, सगुणबाब म्हणाला कोकणी. दोघेही घरात जी एकच बोली बोलत आले तिच्यातच हे भांडण झालं, आणि ती बोली कुठली ह्यावरच झालं. आई मधून मधून सांगत होती की आमटी थंड होते आहे. शेवटी सगुणबाब ताटावरून उठला, आणि तू असताना ह्या घरात पाऊल ठेवणार नाही, असं बोलून गेला.

बोलला तो बोलला. आता शब्द तर पाळायचा, आणि आईला तर भेटायचं. रविवारी दादा घरी. दिवाळीला घरी, पंधरा ऑगस्टला घरी. दादा कचेरीत असेल आणि आपली कचेरी बंद असेल असे दिवस वर्षातून पाच-सहा. तेच लाल गोल. साधी रजा का घेत नाहीस, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला की अर्जात कारण लिहावं लागतं. तापाचं लिहिलं तर ते खोटं, आणि खरं लिहिलं तर साहेब घरचं सगळं विचारणार. कर्नाटकाची यादी एवढ्यासाठीच, की काचेखाली दोनच याद्या दिसल्या तर कुणीतरी त्या जुळवून पाहील.

त्या दिवशी मी त्याच्याबरोबर घरी गेलो. आई उंडो चहात बुडवून खात होती आणि सगुणबाब तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होता. साडेचार वाजता तो उठला. पाचला दादाची कचेरी सुटते.

असं सहा वर्षं चाललं. मग एका पावसाळ्यात दत्ताराम निवृत्त झाला.

ही बातमी कळली त्या दिवशी सगुणबाब यादीसमोर पेन्सिल धरून नुसता बसून राहिला. वर्षाच्या सुरुवातीला केलेले उरलेले लाल गोल आता कामाचे नव्हते. "ताका आता सदांच सुट्टी," एवढंच तो म्हणाला. चतुर्थीचा दुसरा दिवस, फक्त गोव्याच्या सुट्टीचा, आला आणि गेला. तो पेडण्यातच राहिला.

तीन डिसेंबरला सकाळी मी उंडे घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो. तू दारापर्यंत चल, मी आत जाऊन दादा कुठे आहे ते बघतो, असं सांगून त्याला कसाबसा गाडीत बसवला. सावंतवाडीला तो फाटकाबाहेरच थांबला. मी आत गेलो. वहिनी मागच्या पडवीत नारळ खवत होती.

"दादा?"

"ऑफिसाक गेले."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ते तर निवृत्त झाले ना, असं विचारल्यावर तिने एकदा आईच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. आज गोव्याची सुट्टी. सकाळीच शर्टाला इस्त्री करून घेतली, डबा घेतला, छत्री घेतली आणि साडेनऊला बाहेर पडले. चवथीच्या दुसऱ्या दिवशीही असेच गेले होते. गोव्याची यादी दरवर्षी कुठूनशी आणून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवतात. पाचपर्यंत एसटी स्टँडवर बसतात.

मी बाहेर येऊन सगुणबाबला हे सांगितलं. त्याने उंड्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि तो आल्या रस्त्याने परत चालू लागला. आम्ही मघाशी उतरलो होतो त्याच स्टँडवर, पण मागच्या बाजूला, मालवणच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर, पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा मांडीवर डबा ठेवून बसला होता.

सगुणबाब त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. दत्तारामाने मान वर केली, मग घाईघाईने घड्याळ पाहिलं.

"पाच वाजूक खूप वेळ आसा," तो म्हणाला. "मी हयच आसय. तू जा, आयेकडे बस."

सगुणबाब गेला नाही. बाकावर त्याच्या बाजूला बसला. एक मालवण गाडी लागली, भरली, निघून गेली. मग त्याने दादाच्या मांडीवरचा डबा उचलून आपल्याकडे घेतला.

"दादा, घरा चल. आवय जेवक रवल्या."

आई काही जेवायची थांबलेली नव्हती; अकराच वाजले होते आणि ती नुकती कुठे न्याहारी करून बसली असणार. सगुणबाबच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं.

दोघे उठले. दादा पुढे, हा डबा आणि छत्री घेऊन मागे. घराकडे वळायच्या ऐवजी दादा मासळी बाजाराच्या तोंडाशी थांबला.

"बांगडे घेव मा?"

"घे," सगुणबाब म्हणाला.

उंडे मी वहिनीकडे पोचवले आणि दोनच्या गाडीने एकटाच पेडण्याला परत आलो.