रोज फिरायला जाणारा खडक

दक्षिण ध्रुवावर न्यायचं यंत्र तपासायला माझ्याच ताब्यात दिलं, यात नवल ते काय? ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मी एकवीस वर्षं भूगोल शिकवतोय!

ध्रुवावरचा बर्फ वितळला, की ओझं उतरलेल्या हमालासारखा खालचा खडक हळूहळू वर येतो. वर्षाला काही मिलिमीटर. ते मोजणारी यंत्रं तिथे जागोजागी बसवायची होती. त्यातलं एक आधी आपल्याकडच्या न हलणाऱ्या खडकावर तपासायचं ठरलं. चाचणी पार पडली, तर मोहिमेत एक जागा माझी! १९९९ च्या मार्चमध्ये, सवय व्हावी म्हणून, मी स्वेटर घालून वर्गावर जाऊ लागलो.

अहेरीकडच्या एका गावाबाहेर सपाट काळा खडक निवडला. यंत्राची तिपाई बोल्टांनी पक्की करायची होती, पण ड्रिलचं टोक पहिल्याच मिनिटाला तुटलं.

"राहू द्या, मुबीनभाई," मी मेकॅनिकला म्हणालो. "खडक काय पळून जातो?"

तिपाईच्या पायांशी तीन दगड लावले आणि परतलो.

यंत्राचे आकडे उपग्रहामार्फत थेट दिल्लीला, मोहिमेच्या कचेरीत जात. बाराव्या दिवशी तिथल्या साहेबांचा फोन आला.

"सर, तुमचा खडक रोज सकाळी सहा फूट पूर्वेला जातो."

"अरे वा! आणि?"

"संध्याकाळी परत येतो."

नोकरदार खडक! जगात पहिलाच! मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. प्राचार्यांनी सत्काराची तारीख धरली. किल्लारीचा भूकंप कोणी विसरलं नव्हतं, त्यामुळे तहसीलदारांनी विचारलं, गाव उठवायचं का? "दोन दिवस थांबा," मी उदारपणे म्हणालो.

दोन दिवसांनी साहेब, मुबीनभाई आणि मी भल्या सकाळी खडकावर पोचलो. तेवढ्यात मोहफुलांची टोपली घेऊन गावातल्या धुरपताबाई आल्या. आमच्याकडे न बघता त्यांनी तिपाई लेकरासारखी कडेवर घेतली, सहा फुटांवर ठेवली आणि रिकाम्या जागेवर फुलं पसरली.

"बाई! हे काऊन उचललं?" मुबीनभाई ओरडले.

"मंग मोह कुठी वाळू घालू? तुमच्या डोक्यावर? हा खडक आमच्या घराचा हाय, सासऱ्याच्या वक्तापासून! ह्या मास्तरनं इचारलं तरी का मले?"

मास्तरनं स्वेटर काढून हातावर घेतला.

साहेब मात्र कागद चाळत होते. "बाई, रोज संध्याकाळी हे अगदी त्याच जागी कसं येतं? अर्ध्या बोटाचाही फरक नाही!"

बाईंनी खडकावरच्या कोळशाच्या तीन खुणा दाखवल्या. "दुसऱ्याची वस्तू हाय, भाऊ. जशीच्या तशी ठेवा लागते."

"अशी माणसं हवीत हो आम्हाला! येता का ध्रुवावर?"

"तिथी काय हाय?"

"नुसता बर्फ."

"झाड?"

"एकही नाही."

"मंग तिथी मोजून का करता, भाऊ?" त्या कळवळून म्हणाल्या आणि आमच्यासाठी चहा ठेवायला गेल्या.

बाईंची रोजची सहा फुटांची ये-जा अचूक मोजली, म्हणून यंत्र चाचणीत पास झालं आणि ध्रुवावर गेलं, माझ्याशिवाय. अहवालात धुरपताबाईंचे खास आभार मानले आहेत. माझंही नाव आहे. अगदी ठळक अक्षरांत, 'आलेल्या अडचणी' या मथळ्याखाली.