दगडी, केरी आणि चांदणी

उकंडाजी सकाळी आपल्या संत्र्याच्या बागेत शिरले की पहिली हजेरी दगडीची. "काहून वं दगडे, ऊन डोक्यावर आलं अन् तू अजून घरातच?" मग केरीला दटावणं, नकोशीची विचारपूस. बदली होऊन अचलपुरात आलो, तेव्हा त्यांच्या कुंपणाला लागूनच मी घर घेतलं. काही दिवस मला वाटायचं, या म्हाताऱ्याच्या सुनांचं काही खरं नाही. बायकोने तर त्या बिचाऱ्यांसाठी लोणच्याची बरणी पाठवली. उकंडाजींनी ती एकट्याने संपवली आणि मधाने भरून परत आणून दिली. तेव्हा उलगडा झाला. दगडी, केरी, नकोशी या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. घरात म्हातारा एकटाच.

नावांना कारण होतं. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नावही उकंडा ठेवलं. मरणाने ढुंकूनही पाहू नये म्हणून. "वंगाळ नावाले कोनी हात लावत नाई, मास्तर. पाहा, दात सारे शाबूत हायेत!" असं म्हणून ते दात दाखवायचे.

आंबिया बहराच्या दिवसांत, संत्री फुलावर असताना, बागेत कुणी मोठ्याने बोललेलं त्यांना खपत नसे. "पोट्ट्या कामावर हायेत." तंबाखू खाऊन पेटीजवळ गेलेल्या एका तहसीलदाराला त्यांनी हाताला धरून कुंपणाबाहेर काढलं होतं. तहसीलदाराला! तेव्हापासून हा माणूस मला फार आवडू लागला.

एकाच पेटीचं नाव मात्र देखणं होतं, चांदणी. तिच्याशी ते हळू आवाजात बोलायचे. का म्हणून विचारलं की संत्र्याचा भाव सांगायला लागायचे.

नेमका त्याच चांदणीतून एक दिवस कुजका वास येऊ लागला. मेणाच्या घरांतली पांढरी पिलं तपकिरी पडून खाली बसली होती. उकंडाजींनी कडुनिंबाचा धूर केला, पेटी उन्हात हलवली. काही केल्या वास जाईना, तेव्हा अमरावतीला जाऊन शेतकी खात्याच्या साहेबांना घेऊन आले. साहेबांनी एका मेलेल्या पिलात आगकाडी घालून ओढली, तर चिकट तार निघाली.

"जंतूंचा रोग आहे," साहेब म्हणाले. "पेटी जाळावी लागेल, मधासकट. नाहीतर तुमच्या साऱ्या पेट्या जातील."

"पन पिलाईले झाला कसा?"

साहेब भले होते. खाली बसून त्यांनी समजावून सांगितलं, "ज्या माश्या मेलेलं पिलू साफ करतात, त्याच दुसऱ्या पिलांना भरवतात. त्यांच्या तोंडातून जंतू जातात."

उकंडाजींनी ती आगकाडी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाले, "म्हंजे मायेनंच मारलं."

सांजेला सगळ्या माश्या परतल्यावर त्यांनी चांदणीचं दार स्वतः बंद केलं, खड्डा खणला आणि पेटी जाळली. मला हातही लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी मिशी उतरवून ओसरीवर सुतक धरून बसले. गल्ली पोट धरून हसली. मीही चेष्टा करायलाच गेलो होतो, पण त्यांचं तोंड पाहिलं आणि मुकाट्यानं शेजारी टेकलो.

"चांदणी माही लेक होती, मास्तर. मी म्हनलं धोंडी ठेवू. तिची माय आयकेना. म्हने, इतक्या गोऱ्या लेकीले धोंडी? मंग प्लेग आला. माय तापानं फणफणली, तरी पोरीले कुशीतून सोडे ना. दोघीबी गेल्या." मग मिशी नसलेल्या ओठावरून हात फिरवत म्हणाले, "पेटीले नाव देलं. वाटलं, तेवढीच हाक माराले होईल."



त्याच वर्षी आमच्या लेकीचं बारसं झालं. नाव ठेवलं सुलोचना. उकंडाजी धुवट धोतर नेसून आले, पण आधी विहिरीवर राखेने हात घासत बसले. घासून झाले की पुन्हा राख. "साहेबानं सांगतलं नाई का," म्हणाले. एवढं करूनही पाळण्याला शिवले नाहीत. दारातूनच बायकोला म्हणाले, "बाई, शाळेत काहीबी लावा. घरात तेवढं हिले धोंडी म्हना."

नावासाठी माझ्याशी महिनाभर भांडलेली माझी बायको. वाटलं, आता भडकणार. ती म्हणाली, "मग पहिली हाक तुम्हीच मारा."

"धोंडे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळची पहिली हाक कुंपणावरून आमच्या पाळण्याला येऊ लागली. दगडीची हजेरी त्यानंतर.