केटल लेकच्या शिबंदीची मोजणी आणि डेल्विनसाहेबांची चाकावरील स्वारी

विस्कॉन्सिन प्रांती केटल लेक नामे कसबा, तेथील बर्च गल्लीतील पिवळ्या घरावर मोजणीची स्वारी आली ती कैसी आली, आणि त्या घरचे डेल्विन क्रुगरसाहेब यांनी ती कैसी उठविली, याचे साद्यंत वर्तमान लिहून ठेवावे ऐसी आज्ञा कोणीही केली नाही. तथापि बखरकाराने या कसब्याचे अन्न पुष्कळ वर्षे खाल्ले, त्यातही तळलेले मासे फार खाल्ले, सबब न लिहिणे हे नमकहरामीचे होईल ऐसे जाणोन लिहिले असे. पाहिले ते लिहिले, न पाहिले ते जोलीनबाईंस विचारून लिहिले, आणि त्यांसही ठाऊक नव्हते ते शोभेल तैसे लिहिले.

हे घर म्हणजे चार असाम्यांचे संस्थान. चौघांचीही बुद्धी जन्मापासून आपल्या चालीने, सावकाश चालणारी, आणि अशांनी कोठे दूर कोंडवाड्यात न राहता गावात, गावकऱ्यांत, आधाराने राहावे ऐसी सरकारची तजवीज. आधारास शिबंदी नेमिली. जोलीनबाई नोवाक किल्लेदार, रस नामे गृहस्थ मुदपाकखाना व गाडी यांवर, आणि तिसरी असामी बर्फावर घसरून कंबर धरून घरी पडलेली. कायदा ऐसा की जेथे चौघे तेथे शिबंदीचे दोघे असलेच पाहिजेत. सबब बाहेर जावे तर सर्वांनी, राहावे तर सर्वांनी.

डेल्विनसाहेबांचे वय साठीकडे झुकलेले, अंगाने उंच, विजारीस लाल पट्टे, आणि बोलणे मोजके. मार्टीच्या गुत्त्यात दर शुक्रवारी माशांची पंगत बैसे आणि पाचाचे ठोक्यास मांसाची सोडत निघे, म्हणजे भिंतीवरील मोठे चाक फिरवावे, आकडा यावा, आणि ज्याचे तिकीट त्याने डुकराची मांडी किंवा सॉसेजची माळ घेऊन जावे. हे चाक बुच नामे म्हाताऱ्याने एक पिढीभर फिरविले. मग त्याचा खांदा गेला, आणि एके शुक्रवारी भरल्या गुत्त्यात तो बोलिला, "पुढच्या वेळेपासून चाक डेल फिरवणार. कुणाला काही म्हणायचंय?" सर्वांनी हसून माना डोलाविल्या. परंतु आगीच्या बंबावरला स्किप, ज्याची त्या चाकावर बहुत वर्षांची नजर, तो हसला नाही. साहेबांनी ते पाहिले, आणि सारा आठवडा गाडीखान्यात जुनी सायकल उलटी ठेवून चाक फिरविण्याचा सराव केला. पाचास आपण हजर नसलो तर चाक स्किपच्या हाती जाईल, आणि एकदा गेले की सुटणार नाही, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

ऐशात, ज्या शुक्रवारी चाक हाती घ्यावयाचे त्याच शुक्रवारी दोनप्रहरी राजधानीहून मोजणीखात्याच्या इंग्रिडबाई टॉफ्ट खाशा स्वारीने दाखल जाहल्या. बाईंपाशी काचेची पाटी आणि मनगटास एक घड्याळ. घड्याळ थरथरले की बाईंनी मान वर करावी आणि त्या क्षणी शिबंदीचे कोण, कोणा रहिवाशापाशी, काय आधार देत आहे हे पाटीवर नोंदावे. मग त्या नोंदींवरून शिबंदी पुरेशी की अपुरी आणि काळजी उत्तम की सुमार हे ठरावे. शिवाय खात्याचा सक्त हुकूम की मोजणाराने कोणाशी बोलू नये, काही खाऊ नये, घरातील खुर्चीसारखे राहावे.

आता हा हुकूम ज्याने काढिला तो केटल लेकचा नव्हे. येथे पाहुणा घरी येऊन उपाशी बसला तर यजमानास रात्री झोप येत नाही. जोलीनबाई कॉफी आणि रूबार्ब नामे आंबट देठांच्या वड्या घेऊन उभ्या राहिल्या.

"घ्या ना एक."

"मी इथे नाहीच असं समजा."

"बरं बाई, समजते. मग इथे नसलेल्या बाईंच्या कॉफीत दूध घालू की नको?"

इतक्यात घड्याळ थरथरले. नोंद जाहली की किल्लेदार मोजणारणीस कॉफी देत आहे. पुढे थरथरले तेव्हा रस अंगणात बाईंच्या गाडीच्या काचेवरील बर्फ खरवडीत होता. त्याउपरि थरथरले तेव्हा जोलीनबाई बाईंच्या पाठीशी उशी ठेवीत होत्या आणि रस त्यांच्या ओल्या बुटांखाली वर्तमानपत्र पसरीत होता. सारांश, ऐसी उत्तम काळजी त्या प्रांती कोणी घेतली नसेल, परंतु ती सर्व मोजणारणीची. चौघांच्या रकान्यांत काहीच पडेना. बाई हवालदिल जाहल्या, पण खुर्चीने बोलावे कैसे?

चार वाजून गेले. साहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला, केस ओले करून बसविले, आणि मुदपाकखान्यात खलबतास आले. तेथे जोलीनबाई होत्या, आणि चौघांतलेच त्यांचे सोबती गॉर्डीसाहेब वड्यांवर तैनात होते.

"ही बाई कधी जाणार?"

"सातपर्यंत आहे रे, डेल."

"पाचला चाक आहे."

"माहितेय मला, राजा."

"मग सांग तिला."

"पाहुण्याला जा म्हणून कसं सांगायचं?"

गॉर्डीसाहेब म्हणाले, "मी सांगतो. त्यात काय? बाई, उठा म्हणतो."

"तू गप्प बस. मागे पाद्रीबुवांना उठवलंस, ते अजून फिरकले नाहीत."

तरी जोलीनबाईंनी धीर करून दरबारी अर्ज गुजारिला की मोजणी गुत्त्यात चालवावी. बाईंनी खुर्चीपण सोडून उत्तर दिले की मोजणी घरीच करणे खात्याचा नेम, आणि मोजणी चालू असता रहिवाशांनी घर सोडिले तर ती फसली ऐसे मानून वसंत ऋतूत फेरमोजणी होईतो चौघांचे बाहेर जाणे बंद राहील. हे बोलताना त्यांस वाईट वाटले, ते मुद्रेवर दिसत होते. पण नेम तो नेम.

हे वर्तमान ऐकोन डेल्विनसाहेबांस रडू आले. त्यांनी ते लपविले नाही. खिडकीपाशी उभे राहून रडले, आणि बखरकारास ते लिहितानाही कसेसेच होते, की एका माणसास आयुष्यात प्रथमच गावाने काही सोपवावे, आणि त्याचीच काळजी मोजण्यापायी ते त्याच्या हातून जावे! मग साहेबांनी डोळे पुसले, आणि येऊन बाईंच्या समोरील खुर्चीवर बैसले. रदबदली केली नाही. त्यांचे वडील कोणाकडे गेले असता बैठक संपविताना जे करीत तेच केले. दोन्ही तळहात आपल्या दोन्ही गुडघ्यांवर फाडकन मारिले आणि उसासा टाकून बोलिले, "चला! निघायचं म्हणायचं आता."

या प्रांतीच्या माणसास हे शब्द आणि हा आवाज म्हणजे तोफेची इशारत. ती जाहली आणि बसून राहिला ऐसा मनुष्य तेथे जन्मास आला नाही. आणि इंग्रिडबाई राजधानीत राहत असल्या तरी जन्म शेजारच्याच तालुक्यात, गाईंच्या गोठ्यामागील घरात. डोक्यास नेम ठाऊक, परंतु गुडघ्यांस नव्हता. बाई उठून उभ्या राहिल्या, आणि तोंडातून निघून गेले, "हो, बराच वेळ झाला."

मग काय विचारता! जोलीनबाईंनी डोळ्याने खूण केली, रस गाडी तापवावयास धावला, आणि निरोपाची मोहीम सुरू जाहली. येथला निरोप म्हणजे एका दमात होणारी गोष्ट नव्हे. बैठकीत अर्धा, दाराशी अर्धा, पायरीवर पुन्हा पहिल्यापासून. दाराशी रस्त्यांवरील बर्फाचे बोलणे निघाले, पायरीवर बाईंच्या आईच्या खुब्याचे, आणि बोलता बोलता सर्व लष्कर कोट चढवून गाडीपाशी आले. तेथे बाईंस भान आले की आपण मोजणी सोडून उठलो! आता ठपका कोणावर? रहिवाशांनी घर सोडिले नव्हते, मोजणारीणच आधी उठली होती. त्या पाटी छातीशी धरून पांढऱ्या पडल्या. साहेबांनी गाडीचे दार उघडून धरिले.

"तू पण चल."

"नको नको, कशाला?"

"जागा आहे."

"छे, उगाच तुम्हाला त्रास."

"मासा गरम असतो."

दोनदा नको म्हणावे आणि तिसऱ्यांदा मान्य करावे हाही तेथला रिवाज. "बरं, दोन मिनिटं येते," बाई बोलिल्या, आणि ज्या घरची माणसे गाडीत बसली ते घर तूर्त गाडीतच आहे ऐसा अर्थ मनाशी लावून आत बसल्या.

गुत्त्यात पोहोचतात तो पाच वाजावयाचे बेतात, आणि स्किपने चाकाच्या दांडीवर हात ठेविला होता. डेल्विनसाहेब गर्दीतून सरळ चालत गेले.

"हात काढ, स्किप."

"आलास होय? मला वाटलं आज सुट्टी."

"हात काढ."

बुच कोपऱ्यातून ओरडला, "ऐकू येत नाही का रे?" स्किपने हात काढिला, आणि बरेच दिवस त्याने कोणाशी नीट बोलणे केले नाही.

साहेबांनी चाक धरिले. आणि नेमके त्याच क्षणी बाईंच्या मनगटास घड्याळ थरथरले. बाईंनी शिरस्त्याप्रमाणे मान वर केली. जोलीनबाई माशाच्या रांगेत पाठमोऱ्या. रस कोशिंबिरीपाशी. गॉर्डीसाहेब दोन म्हाताऱ्यांबरोबर पत्ते खेळत आणि लबाडी करीत. आणि डेल्विनसाहेबांपाशी शिबंदीचे कोणी नाही. पाटीवर विचारिले होते, आधार कोण देत आहे? कोणी नसल्यास शून्य लिहावे, आणि शून्याचा अर्थ खाली बारीक अक्षरांत दिला होता, दुर्लक्ष. बाई सचोटीच्या. एवढे मोठे लिहिण्याआधी खातरजमा करावी म्हणून गर्दीतून वाट काढीत चाकापाशी गेल्या आणि खालच्या आवाजात पुसते जाहल्या, "डेल्विन, आत्ता तुला कोण मदत करतंय?"

साहेबांनी त्यांच्याकडे नवलाने पाहिले.

"मला? आत्ता मीच सगळ्यांना मदत करतोय. बाजूला हो, चाक लागेल."

बाई बाजूस जाहल्या. चाक फिरले, बहुत वेळ फिरले, थांबले, आणि साहेबांनी खणखणीत आवाजे आकडा पुकारिला. गुत्ता टाळ्यांनी दणाणला. इंग्रिडबाईंचे डोळे भरून आले. खोटे लिहिणे त्यांस येत नव्हते, सबब त्यांनी बोटाने शून्य लिहिले, आणि मग मासा घेतला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन चाक डेल्विन क्रुगरसाहेबांकडे कायम जाहले. पुढे खात्याचा निवाडा आला की काळजी सुमार, कारण शिबंदी अपुरी, सबब शुक्रवारास एक जादा असामी बहाल. ती असामी, मॅव्हिस नामे तरुण बाई, कामावर रुजू होताच साहेबांनी तीस जो पहिला हुकूम फर्माविला तो येथे अक्षरशः नोंदिला असे: "शुक्रवारी मला मदत करायची नाही. तू तिकीट घे आणि बस."