पाणी कोणी सोडलं?

रत्नपाल खिल्लारेने चाळिशी ओलांडली तरी समुद्र पाहिला नव्हता. तसं पाहिलं तर हिंगोलीत समुद्र न पाहिलेली माणसं पुष्कळ आहेत आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. पण रत्नपाल पडला पाटबंधारे खात्यातला कारकून. कालव्याला पाणी कधी सुटणार, कुणाच्या शेताला आधी जाणार, हे विचारायला लोक त्याच्या घरी येत, चहा पीत आणि त्याला साहेब म्हणत. (पाणी सोडायचा अधिकार त्याच्या साहेबांच्याही साहेबांना होता. पण चहाला आलेल्या माणसाला हे सांगायची गरज नसते.) अशा पाण्यातल्या माणसाने समुद्र पाहिलेला नसावा, हे त्याचं त्यालाच बरं दिसेना. म्हणून यंदा मे महिन्यात त्याने जाहीर करून टाकलं, की कोकणात जायचं, किल्ले पाहायचे आणि समुद्र पाहायचा.

"ट्रॅव्हल्सनं जाऊ," बायको पल्लवी म्हणाली.

रत्नपालने हे ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण बरोबर आई होती, जनकाबाई, आणि जनकाबाईंचे गुडघे होते. तेव्हा त्याने साडूची गाडी मागायचं ठरवलं.

साडू म्हणजे हरिचंद, पल्लवीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. वारंगा फाट्यावर त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. या दोन जावयांमध्ये लग्नापासून एक शांत लढाई चालू होती. सासूबाई पहिलं ताट कुणाच्या पुढ्यात ठेवतात, यावर तिचा निकाल लागे. सरकारी नोकरीच्या जोरावर बरीच वर्षं ते ताट रत्नपालपुढे येत होतं. मग हरिचंदने चारचाकी घेतली आणि ताट दोघांच्या मधोमध येऊन थांबलं. आता त्याच गाडीला रत्नपालच्या हातून ओरखडा जरी पडला, तरी ताट कायमचं पलीकडे सरकणार हे उघड होतं.

हरिचंदने पोरगी सासरी धाडावी तशा चेहऱ्याने किल्ली दिली. गाडीच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

"साडूभाऊ, उनात लावू नका. रंग जातो. आन रोज व्हिडिओ कॉल करत जा."

"करतो की. पल्लवीशी बी बोलत जा, मायशी बी..."

"त्यांचं न्हाई म्हणून राहिलो मी. गाडी दाखवत जा."

हिंगोलीहून समुद्र गाठायचा म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापावा लागतो. जिथे मुक्काम पडेल तिथे रत्नपाल संध्याकाळी फोन घेऊन गाडीला प्रदक्षिणा घाली. पुढचा बंपर, मागचा बंपर, चारी चाकं. पलीकडून हरिचंद "जरा खाली दाखवा, जरा डावीकडं," असं सांगे. घाट उतरताना पल्लवीला उलट्या झाल्या, त्याची चौकशी झाली नाही. चिखल उडाला का, एवढंच विचारलं गेलं.

शेवटी समुद्र आला. रत्नपाल कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि कुणाच्या तरी कामाची पाहणी केल्यासारखा बघत राहिला. जनकाबाईंनी पाण्यात पाय बुडवले, बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"एवढं पानी आन एक घोट पिता येत न्हाई? मंग काहून ठिवलं हे?"

"माय, ते कोणी ठिवलेलं न्हाई."

"तरीच," जनकाबाई म्हणाल्या आणि घरून आणलेल्या कॅनमधलं पाणी प्यायल्या.

दोन-तीन किल्ले होडीतून पाहून झाले. मग एका लहान गावाच्या किनाऱ्यावर त्यांना असा किल्ला सापडला, की ज्याच्या पायथ्यापर्यंत नुसती वाळू पसरलेली होती. ओली, कडक, डांबरी रस्त्यासारखी सपाट. सकाळची वेळ होती. लोक चालत चालले होते, घोडागाड्या चालल्या होत्या. समुद्र पार मागे सरकून बसला होता. जनकाबाईंनी गुडघ्यावर हात ठेवून किल्ल्याकडे पाहिलं आणि रत्नपालने गाडी वाळूत घातली.

"अवो, हितं बोर्ड हाय," पल्लवी म्हणाली. "वाहनं नेऊ नका. पाण्याची पातळी कदीबी वाढू शकते."

रत्नपाल हसला. असे बोर्ड त्याने स्वतःच्या हाताने किती लिहून घेतले होते! धरणाच्या खाली, भर उन्हाळ्यात, जिथे शेळ्यांना प्यायला पाणी नसे तिथे 'पाण्याची पातळी कधीही वाढू शकते' असा बोर्ड लागे. तो खात्याच्या सुरक्षिततेसाठी असतो, पाण्याचा त्याच्याशी संबंध नसतो, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार?

"पण ती भरती का काय असती ना?"

"पुनवेला आन अमावास्येला असती ती. शाळेत होतं आपल्याला. आज पंचमी हाय."

आणि याशिवाय त्याच्याजवळ अनुभव होता. दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटलं, की उघडी पडलेली गाळाची जमीन शेतकऱ्यांना पेरायला दिली जाते. तिला गाळपेर म्हणतात. त्या अर्जांवर शिक्के मारण्यात रत्नपालची उमेदीची वर्षं गेली होती. हटलेलं पाणी मृग नक्षत्र लागल्याशिवाय एक वीतभर पुढे आलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. लोक तिथे काकड्या, टरबुजं काढून बाजारात विकून मोकळे होत, तरी पाणी आपलं तिकडेच. तेव्हा मे महिन्यात, डोक्यावर ढगाचा तुकडा नसताना, पाणी येणार कुठून? त्याने गाडी पार किल्ल्याच्या पायथ्याशी, खडकाच्या सावलीत नेऊन लावली. साडूने सांगितलं होतं, उन्हात लावू नका.

"एवढी जमीन पडीक," उतरता उतरता तो हळहळला. "आपल्याकडं असती तर टरबुजाचा मळा लावला असता लोकांनी."

जनकाबाईंनी वाळू चिमटीत धरून पाहिली आणि मान हलवली. त्यांना ती जमीन पटली नाही.

किल्ल्यात रत्नपालला भलताच रंग चढला. शत्रूने इतके वेढे घातले तरी किल्ला पडला कसा नाही, हे तो पल्लवीला समजावून सांगत होता. "सगळी करामत पाण्याची. चारी बाजूंनी पाणी. शत्रू येणार कुठून?"

"पण आपण तर गाडीनं आलो," पल्लवी म्हणाली.

या प्रश्नाजवळ रत्नपालने जरा थांबायला हवं होतं. पण तेवढ्यात किल्ल्यातली गोड्या पाण्याची विहीर दिसली आणि तो तिची खोली मापायला गेला. घोडागाड्या भराभरा परत फिरल्या, तेव्हा त्याला वाटलं, कोकणातल्या माणसाला ऊन सोसत नाही. माणसं घाईघाईने खाली उतरली, तेव्हा त्याला वाटलं, जेवायची वेळ झाली.

बुरुजावरून त्याने सहज खाली पाहिलं. किनारा आणि किल्ला यांच्या मधली वाळू गेली होती. तिच्या जागी पाणी चकाकत होतं. आणि साडूची गाडी त्या पाण्यात शांतपणे उभी होती.

"पाणी कोणी सोडलं?" रत्नपाल ओरडला.

हे तो इतक्या अधिकाराने ओरडला, की शेवटच्या घोडागाडीवाल्याने दचकून मागे पाहिलं. तोंडी सूचना नाही, भोंगा नाही, गावात दवंडी नाही आणि पाणी सोडतात म्हणजे काय? त्याच्या खात्यात असं झालं असतं तर खुलासा मागितला गेला असता.

तिघं खाली उतरली, तेव्हा गाडीवाल्याने फार चर्चा केली नाही. जनकाबाई आणि पल्लवीला त्याने घोडागाडीत चढवलं. जनकाबाई आयुष्यात पहिल्यांदा घोड्यामागे बसल्या होत्या. त्या खूश होत्या. "रतन्या, तू बी चल!" त्या ओरडल्या. पण साडूची गाडी सोडून रत्नपाल कुठे जाणार? तो पँट वर करून गाडीत बसला, चालू केली आणि रेस दिली. चाकं फिरली आणि जागच्या जागी खाली गेली. पुन्हा दिली. पुन्हा खाली गेली. मग गाडीने एकदा खोकून बोलणंच बंद केलं. तो बाहेर उतरला, तर पाणी त्याच्या मांडीला लागलं, आणि त्याच वेळी खिशातला फोन वाजला. हरिचंदचा व्हिडिओ कॉल होता.

उचलला नाही तर संशय येणार, उचलला तर खात्रीच पटणार. रत्नपालने घाबरून उचलला.

"साडूभाऊ, गाडी दाखवा."

रत्नपालने आधी आकाश दाखवलं. मग किल्ला दाखवला.

"किल्ला राहू द्या हो. गाडी?"

नाइलाजाने त्याने फोन वळवला. किनाऱ्यावर जमलेले लोक हातवारे करून ओरडत होते.

"गाडी पाण्यात कशी काय?"

"धुऊन राहिलो," रत्नपालच्या तोंडून निघून गेलं. "लई धूळ बसली होती. म्हणलं, हितं पाणी मायंदाळ हाय."

मग हरिचंदचा आवाज आला, आणि तो चक्क मऊ होता.

"धुवा, धुवा. चांगली धुवा. काचा खाली करा, आतून बी धुवा."

त्याच क्षणी एक लाट आली आणि उघड्या दारातून आत शिरून तिने हे काम करून टाकलं. रत्नपालला रडू येऊ लागलं. बिचारा साडू! आपल्यावर एवढा विश्वास टाकतो आणि आपण त्याला फसवतो. त्या मांडीभर पाण्यात त्याने मनोमन ठरवलं, काही झालं तरी ही गाडी चालू करून साडूच्या दारात उभी करायचीच.

आणि त्याने ती केली, हे कबूल करावं लागेल. किनाऱ्यावर होड्या ओढायला ट्रॅक्टर होता. पाणी तुडवत जाऊन त्या ट्रॅक्टरवाल्याच्या तो अक्षरशः पाया पडला. दोर बांधला गेला. पाणी स्टिअरिंगपर्यंत चढलं होतं, तेव्हा कुठे गाडी हलली आणि गाव टाळ्या वाजवत असताना बाहेर आली. मग गॅरेज आलं. मेकॅनिक म्हणत होता, "सोडून द्या साहेब, ही आता उठत नाही." पण रत्नपाल गॅरेजमधून हलेना. सीट उन्हात वाळवल्या, वायरी केस वाळवायच्या मशीनने वाळवल्या (मशीन पल्लवीचं होतं, ते त्यात गेलं), इंजिन गोड्या पाण्याने धुतलं. उरलेले किल्ले राहिले. हरिचंदचे फोनही थांबले होते; साडूचा आपल्यावर विश्वासच तेवढा, असं रत्नपालला वाटलं. बाकीची सुट्टी जनकाबाई गॅरेजच्या दारात बसून घोडागाडीची गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. अखेर एका दुपारी गाडी धडधडली आणि रत्नपालच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

वारंगा फाट्यावर पोचण्याआधी त्याने गाडीत दोन बाटल्या अत्तर शिंपडलं. तरीही मासळीचा वास थोडा मागे राहिला होता, पण फाट्यावर इतके ट्रक थांबतात, की तिथे एका वासाचा पत्ता लागत नाही.

हरिचंद दुकानातून बाहेर आला. त्याने गाडीला एक चक्कर मारली, मग दुसरी मारली.

"चालू हाय?"

"एकदम!"

"पयल्या झटक्यात होती?"

"पयल्या झटक्यात!" रत्नपालने छाती पुढे काढून किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

हरिचंद मटकन सिमेंटच्या गोण्यांवर बसला. त्याचा चेहरा पडला होता. रत्नपालला वाटलं, झालं, वास आला. त्याने हात जोडले.

"साडूभाऊ, खरं सांगतो. मी धुऊन न्हाई राहिलो. गाडी बुडाली होती."

"ते दिसलं ना मला! आंधळा हाय का मी? मागं लोक बोंबलून राहिले होते, बुडाली, बुडाली!"

"मंग तुमी आतून बी धुवा काहून म्हणले?"

"इन्शुरन्स हाय ना गाडीला! पुरी बुडाली असती तर कंपनीनं नवी दिली असती. या वर्षी छताला खिडकीवाली गाडी निघाली. तुमचा फोन ठेवला आन मी हिला सांगून मोकळा झालो, आपल्याला खिडकीवाली येऊन राहिली म्हणून. सासूबाईला बी कळवलं." हरिचंदने कपाळाला हात लावला. "साडूभाऊ, एवढी वर्षं पाण्याच्या खात्यात काढली, आन तुमाला एक गाडी धड बुडवता आली न्हाई!"