बारा-बारा चिठ्ठ्यांचा आराखडा

बुवापाड्यातल्या त्या शाळेची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती आणि पाणी तळमजल्यावर. मधल्या अठ्ठावन्न पायऱ्या शाळेच्या शिपाई कौसामावशी रोज दोन बादल्या घेऊन चढायच्या. विज्ञान शिकवणाऱ्या वृंदाने नळासाठी तीन वर्षांत सात अर्ज दिले होते. जुलैमध्ये नववीतल्या ओवीच्या हातावर आम्ल उडालं तेव्हा बादल्या नेमक्या रिकाम्या होत्या. पोरीचा हात धरून वृंदा अठ्ठावन्न पायऱ्या धावत उतरली, तोवर रुपयाएवढा फोड आला होता. आठवा अर्ज तिने त्याच दिवशी लिहिला. मुख्याध्यापक मधू सरांनी तो वाचला, घडी घातली आणि सांगितलं, की असे सुटे विषय आता घ्यायचे नाहीत. शाळेचा पाच वर्षांचा व्यूहात्मक आराखडा होतोय, त्यात नळाचंही बघू.

आराखडा हवा होता संस्थेचे अध्यक्ष कोंडाजीशेठ यांना. बदलापूरच्या एका शाळेने तसा केला होता, गुळगुळीत कागदावर छापला होता आणि मुखपृष्ठावर तिथल्या अध्यक्षांचा फोटो होता. आराखडा म्हणजे काय हे शेठना ठाऊक नव्हतं, पण फोटो कुठे असतो ते त्यांनी नीट पाहून ठेवलं होतं.

मार्गदर्शनासाठी समीर नावाचे एक तज्ज्ञ आले. शाळा या प्रकाराशी त्यांचा आधीचा संबंध विद्यार्थी म्हणूनच आला होता, तोही त्यांनी फार वाढवला नसावा. पहिल्या तासात ते 'शैक्षणिक नेतृत्व' अकरा वेळा म्हणाले. वृंदाने मोजलं, कारण मोजण्यासारखं दुसरं काही घडत नव्हतं. मग त्यांनी भिंतीवर चार तक्ते लावले: बलस्थाने, उणिवा, संधी, धोके. प्रत्येकाने गुलाबी चिठ्ठ्यांवर लिहून योग्य तिथे चिकटवायचं. वृंदाने उणिवांत लावलं, 'प्रयोगशाळेत पाणी नाही'. मधू सरांनी बलस्थानांत लावलं, 'अध्यक्षांचे खंबीर व दूरदृष्टीचे नेतृत्व', आणि पहिल्या रांगेत बसलेल्या शेठचं लक्ष जाईपर्यंत चिठ्ठीवरचा अंगठा काढला नाही.

जेवणाची सुट्टी झाली. प्रयोग अर्धवट सोडून जाताना नोंद ठेवायची, या सवयीने वृंदाने तक्त्यांचा फोटो काढला आणि मग तीही पुरीभाजीला खाली गेली.

शुक्रवार होता, वीजदुरुस्तीचा वार. सकाळपासून लाईट नव्हती आणि पंख्यांची बटणं चालूच राहिली होती. पुरीभाजी रंगात असताना लाईट आली आणि वरच्या हॉलमधले सहाही पंखे एकदम सुटले. कौसामावशी झाडू घेऊन वर गेल्या तेव्हा शाळेचं भवितव्य बाकांखाली पसरलं होतं. त्यांनी ते गोळा केलं आणि पुन्हा भिंतीला लावलं.

वृंदा वर आली तर रांगा ओळंब्यात असाव्यात तशा सरळ. प्रत्येक तक्त्यावर बारा, एक कमी नाही, एक जास्त नाही. जेवणाआधी एकट्या उणिवांत एकवीस होत्या. तिने समीर सरांना हे सांगितलं. त्यांना चार वाजता उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका शाळेला दृष्टी द्यायची होती. ते भराभर तक्त्यांचे फोटो काढत म्हणाले, "मॅडम, डोन्ट वरी. डेटा तोच आहे ना? फक्त नीट अरेंज झालाय."

पंधरा दिवसांत चौसष्ट पानांचा आराखडा छापून आला. बलस्थाने जपायची, उणिवा शून्यावर आणायच्या, संधींचा लाभ घ्यायचा, धोक्यांना आळा घालायचा, असा त्याचा साचा होता. साच्याला आत काय ओतलंय याची फिकीर नव्हती. त्यानुसार मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नसणे या संधीचा शाळा पुरेपूर लाभ घेणार होती. पालकांच्या वाढत्या विश्वासाला वेळीच आळा घालणार होती. आणि पान बाविसावर 'प्रयोगशाळेत पाणी नाही' हे बलस्थान पुढची पाच वर्षं जपलं जाणार होतं.

वृंदा पान उघडून मधू सरांसमोर उभी राहिली.

"जलबचत म्हणून घेतलंय ते समीर सरांनी," मधू सर म्हणाले.

"सर, पोरांचे हात भाजतात."

"शेठची सही झाली, मॅडम. आता त्यात कानामात्रा हलत नाही."

"तुम्ही वाचलाय का पूर्ण?"

"मुखपृष्ठ तीनदा तपासलं," सर म्हणाले, आणि त्यात त्यांना खरंच समाधान होतं.

वृंदाने एकतिसावं पान उघडून दाखवायचं मनात आणलं होतं. त्याऐवजी तिने आराखडा मिटून टाकला.

पालकसभेत शेठ स्वतः वाचायला उभे राहिले. बलस्थाने संपली, एकतिसावं पान आलं, शेठचा आवाज चढला. "उणिवा. क्रमांक एक. अध्यक्षांचे खंबीर व दूरदृष्टीचे नेतृत्व. पाच वर्षांत शून्यावर आणणे. जबाबदारी, अध्यक्ष स्वतः." वाक्य ठणठणीत पूर्ण झालं, मग शेठना ऐकू आलं. पालकांनी मात्र लगेच टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगा तर उठून उभ्या राहिल्या.

नंतर केबिनमध्ये मधू सरांचा चेहरा फळा पुसायच्या फडक्यासारखा झाला होता. शेठनी फर्मावलं, की ही एक ओळ उद्याच्या उद्या जागेवर गेली पाहिजे.

"जाईल की," वृंदाने मोबाईलवरचा फोटो पुढे केला. "जेवणाआधी चिठ्ठ्या अशा होत्या. पण एकच कशी हलवणार, शेठ? लोक विचारतील, हीच का? हलवायच्या तर सगळ्या हलवू."

शेठनी फोटो मोठा करून पाहिला. आपलं नेतृत्व बलस्थानांत दिसल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. मग उणिवांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे पाण्याचं काय?"

"तेही मूळ जागी जाईल. शून्यावर आणायच्या यादीत."

आठ दिवसांत नळ बसला. नळाहून चौपट मोठी संगमरवरी पाटीही बसली, 'अध्यक्षांच्या दूरदृष्टीतून साकार'. शेठनी फीत कापून नळ सोडला. पाणी आलं, आणि या सगळ्या प्रकरणात ठरल्याप्रमाणे घडलेली ती एकमेव गोष्ट होती.

लोक पांगल्यावर कौसामावशी नळाखाली हात धरून उभ्या होत्या. वृंदा म्हणाली, "मावशी, तुम्ही चिठ्ठ्या न वाचता लावल्यात ते बरंच झालं."

"न वाचता? सातवी पास आहे मी, मॅडम." त्यांनी हात पदराला पुसले. "बाकीच्या रांग बरी दिसावी म्हणून लावल्या. ती शेठची तेवढी वाचून लावली."