पंपावरचा पाचवा नवरदेव

इंद्रभान तायडे यांनी बत्तीस वर्षं ग्रामसेवकाची नोकरी केली. त्या काळात ‘नियमात बसत नाही’ हे वाक्य त्यांनी जितक्या वेळा उच्चारलं, तितक्या वेळा बायकोचं नावही घेतलं नसेल. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सरकारी शिक्का दिसला की त्यांचा हात अजून आपोआप शर्टाची वरची गुंडी लावायला जायचा. असा हा माणूस रविवारी सकाळी आपल्या अठ्ठ्याण्णव सालच्या मोटारीत बसून मोताळ्याहून संग्रामपूरला निघाला होता, आणि चक्क शीळ घालत होता.

शीळ घालण्यासारखंच कारण होतं. मागच्या सीटवर त्यांचा मुलगा धम्मदीप पांढरा शर्ट-पॅन्ट घालून, इस्त्री मोडू नये म्हणून पाठ न टेकता बसला होता. वय बत्तीस, मोताळ्यात ठिबक सिंचनाचं दुकान, स्वभाव गरीब आणि आजवर चार नकार. आजचं पाचवं स्थळ पुंजाजी इंगळे यांच्या महामायाचं. मुलगी कॉम्प्युटरवर काम करते, एवढंच कळलं होतं. मध्यस्थ धम्मरत्नाने फोनवर बजावलं होतं, “पोरीच्या बापानं एकच इचारलं, घरी गाडी हाये का? मी म्हनलं, हाये. आता गाडीनंच या. यष्टीनं उतरले तं मायी जबान गेली समजा!”

मोटारीचं घरातलं नाव पांढरी. पांढरीची टाकी अर्ध्याच्या वर भरली की आत पेट्रोलचा वास सुटायचा, म्हणून इंद्रभानराव मोजकंच पेट्रोल टाकत. संग्रामपूरच्या अलीकडे भरू, असा हिशेब होता. नांदुरा गेलं, जळगाव जामोद गेलं, काटा तळाला टेकला आणि तेवढ्यात शेजारी बसलेल्या बायकोच्या, कलाबाईंच्या हातातला त्यांचा मोबाइल वाजला. ‘निवृत्त ग्रामसेवक मित्रमंडळ’ या ग्रुपवर निरोप आला होता.

“अहो, आइका,” कलाबाई वाचू लागल्या. “आजपासून पंधरा वर्षांवरच्या गाडीले पंपावर तेल नाई. कॅमेरा नंबर पाह्यते. गाडी जागेवरच जप्त!”

शीळ थांबली. गाडीही थांबली. इंद्रभानरावांनी गुंडी लावली.

“नियम म्हनजे नियम,” ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. “पांढरी सत्तावीस वर्षांची हाये.”

“बाबा, अशे मेसेज रोज येते,” धम्मदीप म्हणाला.

“खाली शिक्का हाये बे! शिक्का खोटा राह्यते काय?”

गाडी थांबली होती ती नेमकी फाट्यावरच्या भागवतच्या फुलांच्या दुकानासमोर. भागवत लग्नाच्या गाड्या सजवायचा. तो पुसायचं फडकं खांद्यावर टाकून असा पुढे आला, जणू त्यांचीच वाट पाहत होता.

“जुनी गाडी ना? पंपावर नवीन कॅमेरे बसवले हायेत, मी डोयानं पाह्यले,” तो म्हणाला. “पन मले एक सांगा, नवरदेवाच्या गाडीले आजवर कोनी अडवलं काय? नंबरावर फुलं, काचीवर नावं. पोलीससुदिक बाजूले होते. अन् पोरगा तं तुमचा पांढऱ्या कपड्यात तयारच हाये!”

पुंजाजींकडे साडेबारापर्यंत पोचायचं होतं. अकरा वाजून गेले होते. बत्तीस वर्षं नियमात बसलेला माणूस त्या क्षणी नियमातून उठला. भागवतने झेंडूच्या माळांनी पांढरीचे दोन्ही नंबर झाकले, धम्मदीपच्या गळ्यात हार घातला आणि ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून मागच्या काचेवर लिहिलं, ‘धम्मदीप संग’.

“नवरीचं नाव?”

सकाळपासून घरात एकच नाव घोळत होतं. तेच इंद्रभानरावांच्या तोंडून निघालं. “महामाया.”

“बाबा!” धम्मदीप ओरडला. “तिले पाहाले जाऊन राह्यलो आपन! अजून चहा नाई पेलो तिच्या घरचा!”

“पेट्रोल भरलं का लगेच पुसू. बस गाडीत.”

भागवतने मात्र ते नाव लिहिताना दोनदा मागे वळून पाहिलं आणि उगाचच हसला.

संग्रामपूरच्या वेशीवरच्या पंपावर गाडी वळली आणि तिघांचेही डोळे विस्फारले. रांगेत आधीच चार नवरदेव उभे होते. एक टेम्पोत, एक जीपमध्ये, एक मोटरसायकलवर एकटाच. चौथा साठीचा होता आणि गळ्यातला हार बाजूला सारून, पंपापासून लांब जाऊन तंबाखू मळत होता. भागवतचा धंदा सकाळपासून जोरात चालला होता.

पेट्रोल भरणारा गोपाल कपाळाला हात लावून म्हणाला, “हा पाचवा नवरदेव! अन् नवरी एकबी नाई!” तेवढ्यात पांढरीने मागून काळाकुट्ट धूर सोडला. गोपाल खोकत बाजूला झाला. “काका, पीयूसी हाये का गाडीची?”

पीयूसीची मुदत मागच्या महिन्यात संपली होती. खोटं बोलणं अंगवळणी नसल्याने इंद्रभानरावांनी ते आधी कबूल केलं आणि मग घाम पुसला.

“मॅडम! हे पाहा बरं जरा!” गोपालने हाक मारली.

पंपाच्या कोपऱ्यातल्या पीयूसीच्या टपरीतून एक मुलगी बाहेर आली. डोक्याला, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, डोळे तेवढे उघडे, हातात लांब नळी. तिने नळी पांढरीच्या सायलेन्सरमध्ये घातली. मग तिची नजर काचेवर गेली. ती नजर तिथेच राहिली.

“फुलं काढा,” ती म्हणाली. “नंबराचा फोटो घ्या लागते.”

इंद्रभानराव नंबरासमोर आडवे उभे राहिले. “पोरी, शुभकार्य हाये. फुलं काढनं बरं नाई दिसत.”

“कोनाचं शुभकार्य?” ती हार घातलेल्या धम्मदीपकडे वळली. “तुमी धम्मदीप? मोताळ्याचे?”

“हाव.”

“ठिबकचं दुकान?”

“हाव. तुमाले कसं मालूम?”

“अन् ही महामाया कोन?”

धम्मदीपने आधी बापाकडे पाहिलं, मग आईकडे. चार नकार पचवलेल्या त्या गरीब पोराने गळ्यातला हार काढला.

“खोटं हाये ताई सगळं,” तो म्हणाला. “लगन नाई, काई नाई. त्या पोरीले अजून पाह्यलंबी नाई, अन् तिचं नाव गावभर मिरवून राह्यलो. तिले कळलं तं ती मले दारात उभं करनार नाई, अन् तिचं बरोबरच राहीन. गाडी जुनी हाये, बाबा भेले, एवढंच. घ्या तुमी फोटो.” आणि त्याने स्वतःच्या हाताने नंबरावरची फुलं ओरबाडून काढली.

त्याचं पाहून मोटरसायकलवरच्या नवरदेवानेही मुकाट्याने आपली फुलं काढली.

मुलीचे डोळे स्कार्फच्या वर बारीक झाले. “तो नियम दिल्लीचा हाये,” ती म्हणाली. “आपल्याकडं नाई. कॅमेरे तं पैशे न देता पळनाऱ्यायसाठी लावले. पन पीयूसी इथंबी लागतेच.” मशीन घरघरलं. तिने आकडे पाहिले. “गाडी नापास.”

“मॅडम, जाऊ द्या ना,” गोपाल मध्ये पडला. “एवढं सजून आले, करून टाका पास!”

“बिलकूल नाई!” इंद्रभानराव असे गरजले की तंबाखू मळणारा नवरदेव दचकला. “नियमात बसत नाही! नापास म्हनजे नापास. लिव पोरी!”

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. मुलीने ‘नापास’ लिहिलं. मग तिने तोंडावरचा स्कार्फ सोडला आणि घड्याळ पाहिलं.

“आठ दिवसांत दुरुस्त करून आना, पुन्हा तपासू,” ती म्हणाली. “आता मले जाऊ द्या. आज त्या मेसेजमुळं गर्दी झाली, नाई तं सुट्टीच घेतली होती. घरी मोताळ्याचे पाव्हने येऊन राह्यले.”

कलाबाईंनी पर्समधून धम्मरत्नाने दिलेला स्थळाचा फोटो काढला. फोटोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि फोटो मुकाट्याने परत पर्समध्ये ठेवला. धम्मदीपचा चेहरा त्याच्या शर्टाइतका पांढरा पडला. तिला तो मघाशी ताई म्हणाला होता!

इंद्रभानराव मात्र थेट मागच्या काचेकडे धावले आणि रुमालाने ‘महामाया’ खसाखसा पुसायला लागले. रंग निघेना. त्यांनी थुंकी लावली, तरी निघेना. पाचवं स्थळ डोळ्यांदेखत हातचं चाललं होतं आणि नाव तेवढं काचेला चिकटून बसलं होतं. इतक्यात शेजारी स्कूटी येऊन थांबली.

“राहू द्या ते, मामाजी,” महामाया म्हणाली. “उगाच पुसता. पुन्हा लिवा लागन.” आणि ती भुर्रकन निघून गेली.

इंद्रभानरावांच्या हातातला रुमाल खाली पडला. “काय म्हनली ती?”

“मामाजी म्हनली, सासऱ्याले म्हनते तसं!” कलाबाईंनी आनंदाने नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. “आता उभे काय राह्यले? बसा! धम्मरत्न म्हनला होता, घर इथंच हाये, पंपाच्या मांगं!”

तिघंही धावत गाडीत शिरले. पांढरी खुशीत दणदणत रस्त्याला लागली, शंभर-दोनशे पावलं गेली, एक उचकी दिली आणि जागीच थांबली. इंद्रभानरावांनी काट्याकडे पाहिलं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, ते पेट्रोल भरायचंच राहिलं होतं.

पुंजाजी इंगळे दारात उभे होते. शेजारी धम्मरत्न मान उंचावून पाहत होता. गल्लीच्या तोंडाशी पांढरी दिसली. स्टेअरिंगवर वरची गुंडी लावलेले इंद्रभानराव, शेजारी कलाबाई, आणि गाडीला मागून ढकलणारे पाच नवरदेव. त्यातला साठीचा सगळ्यांत जास्त जोर लावत होता.

धम्मरत्नाने छाती फुगवली.

“पाहा पुंजाजी,” तो म्हणाला, “म्हनलं होतं ना, गाडीनंच येतीन!”