उलटा बाण

पंप जळून आठ दिवस झाले होते आणि घरात काकूंच्या बोलण्याखेरीज काहीच वाहत नव्हतं. शेजाऱ्यांच्या नळावरून बादल्या आणून आणून काकूंचे खांदे आणि काकांचा चेहरा, दोन्ही उतरले होते.

"आज नवा पंप बसतोय," काकूंनी सकाळीच बजावलं. "तुम्ही खुर्ची टाकून गप्प बसायचं. कशालाही हात लावलात तर पिशवी भरून भावाकडे निघून जाईन. मिक्सर आठवतोय ना?"

काकांना मिक्सर आठवत होता. इस्त्रीही आठवत होती. ते गुमान बसले.

बोअर तीनशे फूट खोल. पंपवाला वीस वर्षं हेच काम करणारा. सगळे त्याला पाताळ म्हणत. त्याने पंपाच्या डोक्यावर, पाण्याला एकाच दिशेनं जाऊ देणारा पितळी व्हॉल्व्ह बसवला आणि आपल्या दोन मजुरांना घेऊन चहाला गेला. काका एकटे उरले. व्हॉल्व्हवर एक बाण होता, वर तोंड केलेला. काकांनी पस्तीस वर्षं कचेरीत इतरांच्या चुका दुरुस्त केल्या होत्या. पाणी खाली आणि बाण वर? त्यांनी पाना उचलला, व्हॉल्व्ह उलटा करून घट्ट बसवला आणि साळसूदपणे पेपर उघडला.

एकाला एक जोडत पंधरा पाइप खाली गेले. बटण दाबलं. मोटार गुरगुरली, पण पाण्याचा थेंब नाही.

"काढा वर!" पाताळ म्हणाला.

पंधरा पाइप वर आले. व्हॉल्व्ह पाइपालाच ठेवून पंप सुटा केला आणि पिंपात बुडवला, तर चांगलं कारंजं उडालं. केबलचा जोड कच्चा असेल म्हणून तो नवा केला.

"व्हॉल्व्ह बघायचा का?" एका मजुरानं विचारलं.

"तो मी माझ्या हातानं बसवलाय," पाताळ खेकसला. काकांनी पेपर आणखी वर धरला.

पुन्हा पंधरा खाली, पुन्हा नुसती गुरगुर, पुन्हा पंधरा वर. मजुरांच्या तळहातांना फोड आले. या वेळी मात्र पाताळनं व्हॉल्व्ह पाहिला आणि काकूंना बाहेर बोलावलं.

"काकू, उलटा बसलाय. पाण्याची वाटच बंद." त्यानं डोळे चोळले. "बसवताना बाण वर होता, अजून डोळ्यांपुढे आहे. म्हणजे आता डोळ्यांचाही भरवसा नाही. पोरगी म्हणतेच, बाबा, घरी बसा. बसतो आता."

एकीकडे या माणसाचं पोट, दुसरीकडे आपला चाळीस वर्षांचा संसार. पेपरातली एकच ओळ ते सकाळपासून वाचत होते.

"मी फिरवला," ते म्हणाले. "पाणी खाली होतं म्हणून."

मजुरांनी आधी आपले तळहात पाहिले, मग काकांकडे पाहिलं. पाताळ रागवायचंही विसरला आणि "म्हणजे मी बरोबर बसवला होता!" असं तीनदा म्हणाला. काकू तडक आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला.

तिसऱ्यांदा पाइप उतरले. बटण दाबताच आधी वारा आला, मग गढूळ धार, मग धो धो स्वच्छ पाणी. सगळे ओरडले, काका सोडून. कारण दारात काकू उभ्या होत्या, हातात मोठी फुगलेली पिशवी घेऊन.

"निघालीस?" काकांनी विचारलं.

काकूंनी पिशवी त्यांच्या पायाशी उपडी केली. चादरी, टॉवेल, आठ दिवसांचं तुंबलेलं धुणं आणि वर साबणाची वडी.

"बसा," त्या म्हणाल्या. "याला हात लावलात तर चालेल."